मोरवेलीच्या भूमध्यसागरी बहिणी

इटलीच्या किनाऱ्यांवर आणि डोंगरउतारांवर वाढणाऱ्या चार रानवेलींची ओळख

किराणा मालाच्या पेढीवर कलौंजी असते आणि काष्ठौषधींच्या दुकानात बचनागाची मुळी असते. एक लोणच्याच्या मसाल्यात पडते. दुसरी अल्प मात्रेतही प्राणघातक ठरू शकते. व्यवहारात या दोन वस्तूंचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या एकाच घराण्यातील आहेत. त्या घराण्याचे शास्त्रीय नाव ‘रॅनन्क्युलेसी’ आणि मराठी शास्त्रीय लेखनातील नाव ‘मोरवेल कुल’. पावसाळा सरत असताना सह्याद्रीच्या उतारांवर झुडपांच्या माथ्यावर पांढऱ्या फुलांची चादर पसरणारी जी मोरवेल, तिच्यावरून हे नाव आले आहे. एकाच कुलात अन्नही आहे, औषधही आहे आणि विषही आहे. म्हणून या कुलातील एखादी वनस्पती केवळ ‘ओळखीची वाटते’ एवढ्याने भागत नाही. ती नेमकी कोणती, हे ठाऊक असावे लागते.

मोरवेलीचा वंश म्हणजे ‘क्लेमॅटिस’. जगभरात त्याच्या सुमारे ३०० जाती आहेत. समशीतोष्ण प्रदेशात हा वंश विशेष रमतो, आणि युरोपात त्याची बहुरंगी रूपे पाहायची तर भूमध्य समुद्राच्या काठी जावे लागते. इटली हा देश त्यासाठी फार सोयीचा आहे. उत्तरेला आल्प्स पर्वत आणि पो नदीचे सपाट खोरे, मधोमध अ‍ॅपेनाइन पर्वताचा कणा, दक्षिणेला सिसिली आणि पश्चिमेला सार्डिनिया, अशी या देशाची रचना आहे. त्यामुळे एकाच देशात थंड, दमट आणि कोरडे असे सर्व प्रकारचे हवामान मिळते. येथे रानोमाळ चढणाऱ्या क्लेमॅटिसच्या चार जाती आढळतात. त्यांची नावे व्हिटाल्बा, फ्लॅम्युला, व्हिटिसेला आणि सिऱ्होसा अशी आहेत. या चारही जातींना स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात शास्त्रीय नावे दिली. नावे मिळून पावणेतीनशे वर्षे होत आली, तरी रानात उभे राहिल्यावर ‘ही कोणती?’ हा प्रश्न आजही पाहणाऱ्याला अडवतो. त्याचे कारण असे की बहुतेक जण फूल पाहून ओळख पटवू जातात आणि फूल वर्षातून थोडेच आठवडे असते.

आधी वंश ओळखावा

भूमध्य समुद्राच्या काठी सदाहरित झुडपांचे दाट, काटेरी, सुगंधी रान असते. इटालियन लोक त्याला ‘माक्किया’ म्हणतात. त्यात मस्तकीची झुडपे असतात, मर्टल असते, सदाहरित ओक असतात, आणि या सर्वांवर अनेक प्रकारच्या वेली चढलेल्या असतात. त्यांतून क्लेमॅटिस वेगळी काढणे, ही पहिली पायरी.

तेथील सर्वांत सामान्य वेल स्मायलॅक्स. तिच्या खोडाला काटे असतात, हृदयाकृती पाने एकाआड एक येतात आणि पानाच्या देठापाशी सुतासारखे दोन तणावे असतात. काकडीच्या किंवा कारल्याच्या वेलाला असतात तसे. दुसरी आयव्ही. तिचीही पाने एकाआड एक असतात आणि ती बारीक मुळ्यांनी भिंतीला वा झाडाच्या सालीला चिकटते. तिसरी हनीसकल. तिची पाने समोरासमोर असली, तरी ती साधी, अखंड असतात आणि तिचे सबंध खोडच आधाराभोवती पीळ घालत वर जाते. चौथी आपल्या मंजिष्ठेची सख्खी नातेवाईक. तिच्या खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर चार ते सहा पानांचे चक्र असते आणि अंगावरच्या बारीक आकड्यांनी ती कपड्याला धरून राहते.

क्लेमॅटिसची रीत या सर्वांहून निराळी आहे. तिची पाने समोरासमोर जोडीने येतात, बहुधा ती अनेक पर्णिकांची बनलेली असतात, आणि ती चढते ती पानाच्या देठाने. तिला तणावे नाहीत, चिकटणारी मुळे नाहीत, काटे नाहीत. देठ एखाद्या काटकीला टेकला की हळूहळू तिच्याभोवती वळतो, तिला मिठी घालतो आणि पुढे लाकडासारखा कठीण होतो. चार्ल्स डार्विन याने १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने क्लेमॅटिसच्या अनेक जातींचे निरीक्षण नोंदवून त्यांना ‘पानांनी चढणाऱ्या’ वेलींच्या वर्गात बसवले. पानाने अन्न तयार करायचे आणि त्याच पानाच्या देठाने आधारही धरायचा, असा हा दुहेरी कारभार आहे.

फुलाच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्लेमॅटिसच्या फुलात आपण ज्यांना पाकळ्या समजतो, त्या खरोखर पाकळ्या नसतात. ती रंगीत निदले असतात. कळीचे बाहेरचे आवरण, जे इतर फुलांत हिरवे असते, तेच येथे पाकळीचे काम करते. या चारही जातींत अशी निदले साधारणतः चार असतात आणि मधोमध पुंकेसरांचा झुबका असतो. फूल गळाल्यावर एकेका बीजाच्या कोरड्या फळांचा गुच्छ तयार होतो. बहुतेक जातींत प्रत्येक फळाला पिसासारखी लांब, रेशमी शेपटी असते. वारा ती शेपटी धरून बीज दूर नेतो.

समोरासमोरची पाने, वळलेले देठ आणि पिसांची फळे या तीन खुणा एकत्र दिसल्या, की वंश निश्चित झाला असे समजावे. आता जातीकडे वळू.

व्हिटाल्बा : हिवाळ्यात पांढरी होणारी वेल

‘व्हिटाल्बा’ म्हणजे ‘पांढरी द्राक्षवेल’. ही चौघींत सर्वांत बलिष्ठ आहे. मोठ्या झाडांचा आधार मिळाला तर ती ३० मीटरपर्यंत चढू शकते. तिचे जुने खोड मनगटाएवढे जाड होते, त्याची साल लांब पट्ट्यांनी सुटते, आणि कोवळ्या फांद्यांवर उभ्या कडा स्पष्ट दिसतात. जंगलाच्या कडेला झाडावरून दोरखंडासारखे लोंबणारे तिचे खोड हिवाळ्यातही नजरेत भरते.

तिचे पान एकदाच विभागलेले असते. एका मधल्या देठावर बहुधा पाच पर्णिका असतात, दोन जोड्या आणि टोकाला एक. पर्णिका चांगल्या रुंद, बोटाएवढ्या लांब आणि पुष्कळदा कडेला दातेरी असतात. हिवाळ्यात पाने गळतात. उन्हाळ्यात फुलांचे घोस येतात. फुले सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असतात. त्यांचा रंग शुभ्र नसून सायीसारखा, किंचित हिरवट असतो. निदलांवर दोन्ही बाजूंनी मऊ लव असते.

फुलापेक्षा फळाने तिला अधिक कीर्ती दिली. शरदापासून थेट हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत, पाने गळून गेलेल्या वेलीवर फळांचे रुपेरी गुच्छ तसेच राहतात. दुरून पाहिले तर कुंपणावर धुके अडकल्यासारखे वाटते. इंग्लंडमध्ये तिला ‘म्हाताऱ्याची दाढी’ म्हणतात. तिचे दुसरे इंग्रजी नाव ‘वाटसरूचा आनंद’ असे असून ते जॉन जेरार्ड या वनस्पतिलेखकाने १५९७ सालच्या आपल्या ग्रंथात दिले.

ही वेल जिथे आहे, तिथली जमीन कशी असेल, याचाही अंदाज बांधता येतो. तिला चुनखडीची, कसदार आणि थोडा ओलावा धरणारी माती आवडते. म्हणून इटलीत ती डोंगरउतारांवर, ओढ्यांच्या काठी, रानाच्या कडेला आणि पडीक शेतांच्या कुंपणांवर भरभरून दिसते. तापलेल्या, कोरड्या किनाऱ्यावर मात्र ती विरळ होत जाते.

फ्लॅम्युला : सुगंधी ज्योत

कोरड्या किनाऱ्याची मालकीण आहे फ्लॅम्युला. नावाचा अर्थ ‘लहानशी ज्वाला’. हे नाव फुलांच्या रूपावरून आलेले नसून, तिचा रस त्वचेला भाजल्यासारखा झोंबतो, त्यावरून आलेले आहे. ही वेल नाजूक असते. ती सहसा तीन ते पाच मीटरांपलीकडे जात नाही. तिचे खोड बारीक असते, बुडाशी तेवढे लाकडासारखे होते. माक्कियाच्या झुडपांवर, किनाऱ्यावरील पाइनच्या राईत, दगडी बांधांवर, वाळूच्या टेकड्यांवर ती गुंतवळासारखी पसरते.

तिच्या पानाची विभागणी दोनदा होते. मधल्या देठाला उपदेठ फुटतात आणि त्या उपदेठांवर पुन्हा पर्णिका येतात. पर्णिका लहान असतात. त्या कधी अरुंद, कधी जवळजवळ गोल असतात. कडेला दाते नसतात. एखादी पर्णिका दोन-तीन खंडांत चिरलेली असते एवढेच. एकाच वेलीवर पर्णिकांचे आकार बदलत जातात, म्हणून आकारावर फार विसंबू नये; विभागणी दोनदा झाली आहे का, एवढेच पाहावे.

फुले शुभ्र पांढरी असतात, सायीसारखी नव्हेत. निदले अरुंद असतात. त्यांचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि लव फक्त खालच्या बाजूला, कडेच्या दिशेने असते. तिचा सुगंध गोड, बदामाची आठवण देणारा आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तो वेल दिसण्याआधीच जाणवतो.

व्हिटिसेला : जांभळी घंटा

तिसरीची ओळख सर्वांत सोपी, निदान फुलांच्या दिवसांत. व्हिटिसेलाची फुले जांभळी वा निळसर-तांबडी, सुमारे चार सेंटिमीटर रुंद असतात, आणि लांब दांड्यावर मान खाली घालून एकेकटी लोंबतात. उत्तर आणि मध्य इटलीत कुंपणांवर, झुडपांत, नदीकाठच्या राईत ती आढळते. पूर्वेकडे बाल्कन देशांत आणि तुर्कस्तानातही तिचा विस्तार आहे.

फूल नसेल तर फळाकडे पाहावे. बाकीच्या तिघींच्या फळांना पिसांच्या शेपट्या असतात. व्हिटिसेलाच्या फळाला शेपटी असते ती आखूड आणि पिसाविना, एखाद्या चोचीसारखी. तिच्या फळांचा गुच्छ कधीही रुपेरी दिसत नाही. ही एक खूण तिला इतर तिघींपासून वेगळी करण्यास पुरेशी आहे.

व्यापारी कुटुंबांना तिच्या इतिहासातील आणखी एक गोष्ट रोचक वाटेल. इंग्लंडमधील वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली व्हिटिसेलाचा संकर पूर्वेकडून आलेल्या एका मोठ्या फुलांच्या जातीशी करण्यात आला. त्यातून ‘जॅकमनाय’ नावाची गडद जांभळी संकरित वेल निर्माण झाली आणि १८६२ साली तिला प्रथम फुले आली. आज जगभरच्या रोपवाटिकांत ज्या मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिस विकल्या जातात, त्यांतील कित्येकींच्या वंशवेलीत ही इटलीच्या कुंपणावरची साधी जांभळी घंटा आहे.

सिऱ्होसा : उलट्या ऋतूची वेल

चौथीची रीत समजण्यासाठी तेथील ऋतुचक्र आधी समजून घ्यावे लागते. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणजे तेथील वनस्पतींना सर्वांत कठीण काळ हिवाळ्याचा नव्हे, तर जुलै-ऑगस्टचा. सिऱ्होसाने या ऋतुचक्राशी पुरते जुळवून घेतले आहे. शरदात पाऊस पडला की ती तरारते, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत फुलते, वसंतात बीज पिकवते आणि भर उन्हाळ्यात निपचित पडते. त्या दिवसांत तिची पाने सुकून गळूही शकतात, आणि पाहणाऱ्याला वेल मेली असे वाटते.

पुलिया, कालाब्रिया, सिसिली, सार्डिनिया अशा दक्षिणेकडील उबदार भागांत ती आढळते. कडाक्याची थंडी तिला मानवत नाही. पाने गर्द हिरवी, तुकतुकीत असतात. ती कधी साधी व दातेरी, कधी तीन खंडांची, कधी तीन पर्णिकांची असतात आणि जुन्या फांद्यांवर झुबक्यांनी येतात. वंश ओळखताना ‘पाने बहुधा अनेक पर्णिकांची’ असे जे वर म्हटले, त्याला हा अपवाद आहे. बॅलिआरिक बेटांवर तिचा एक प्रकार आढळतो. त्याची पाने बारीक चिरलेली असतात आणि फुलांच्या आत तांबडे ठिपके असतात.

फुले फिकट पिवळसर, घंटेसारखी, लोंबती आणि चांगली मोठी असतात. पण खरी खूण फुलाच्या वर, त्याच्या दांड्यावर आहे. तेथे दोन लहान हिरवी छदे एकमेकांना जुळून एक चिमुकली वाटी तयार करतात. लोंबत्या फुलाच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी ती दिसते. उरलेल्या तिघींत अशी वाटी नसते. ज्या महिन्यांत रानात दुसरी फुले थोडी असतात, त्या महिन्यांत ही वेल मधमाश्यांच्या उपयोगी पडते.

‘सिऱ्होसा’ या नावाचा अर्थ ‘तणावे असलेली’ असा होतो. तिला तणावे नाहीत, हे आपण पाहिलेच. वळलेल्या देठांवरून तसा भास होतो. नावात जे आहे ते अंगी असेलच असे नाही, याचे हे एक उदाहरण.

दोन पांढऱ्या वेलींचा घोटाळा

व्हिटिसेला तिच्या रंगाने आणि सिऱ्होसा तिच्या ऋतूने वेगळी पडते. खरा घोटाळा होतो तो व्हिटाल्बा आणि फ्लॅम्युला यांचा. दोघींची फुले पांढरी, लहान, घोसांनी येणारी. दोघींचा बहर उन्हाळ्यात. दोघींची फळे पिसांची. आणि मध्य इटलीत, जेथे डोंगर उतरून समुद्राला भिडतो, तेथे दोघी अगदी जवळजवळ वाढतात. दुरून काढलेल्या छायाचित्रावरून त्यांचा निवाडा करणे धोक्याचे आहे. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही आपली म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

निवाडा करायचा तर पुढील साक्षी क्रमाने तपासाव्यात. पहिली साक्ष पानाची : विभागणी एकदा असेल तर व्हिटाल्बा, दोनदा असेल तर फ्लॅम्युला. दुसरी पर्णिकेच्या कडेची : दाते असतील तर व्हिटाल्बाकडे झुकावे, मात्र व्हिटाल्बाच्याही काही पर्णिका बिनदातेरी असतात, म्हणून दात्यांचा अभाव हा पुरावा धरू नये. तिसरी निदलाची : वरच्या बाजूलाही लव असेल तर व्हिटाल्बा, वरची बाजू गुळगुळीत असेल तर फ्लॅम्युला. यासाठी जवाहिऱ्याकडे असते तसले दहापट भिंग उत्तम. चौथी खोडाची : जाड, लाकडी, साल सुटलेले खोड फ्लॅम्युलाचे असत नाही. पाचवी जागेची : ओलसर उतार की तापलेली वाळू? सुगंधाची साक्ष शेवटी घ्यावी, कारण व्हिटाल्बालाही मंद वास असतो आणि प्रत्येकाचे नाक सारखे नसते.

या साक्षींपैकी एकीवरच निर्णय देऊ नये. माल पारखणारा माणूस कापडाचा केवळ रंग पाहत नाही. पोत पाहतो, वीण पाहतो, काठ उलटून पाहतो. तीन साक्षी एका बाजूच्या झाल्या की मग नाव उच्चारावे.

वस्तीजवळ पाहणी करताना आणखी एक सावधगिरी हवी. बंगल्यांच्या कुंपणांवर चीन-जपानकडून आलेल्या, पांढऱ्या सुगंधी फुलांच्या क्लेमॅटिस हौसेने लावलेल्या असतात. त्यांतील ‘टर्निफ्लोरा’ ही फ्लॅम्युलासारखी भासते. परंतु तिच्या पानाची विभागणी एकदाच झालेली असून पर्णिका अधिक मोठ्या असतात. बागेच्या भिंतीवरील वेलीला रानवेल समजण्यापूर्वी हे पडताळून पाहावे.

नाव चुकले तर काय बिघडते?

एखाद्याला वाटेल की एवढी चिकित्सा कशासाठी? रानातली वेल ही असो की ती, आपल्याला त्याचे काय? याचे उत्तर तीन ठिकाणी मिळते : स्वयंपाकघरात, त्वचेवर आणि जंगलात.

या वंशातील वनस्पतींत ‘रॅनन्क्युलिन’ नावाचे द्रव्य असते. पान चुरडले वा खोड तुटले की ते द्रव्य बदलून ‘प्रोटोअ‍ॅनिमोनिन’ नावाचा दाहक पदार्थ तयार होतो. तो त्वचेला लागला तर जळजळ होते, फोड येतात. पोटात गेला तर तोंड, घसा व आतडी पोळतात. वनस्पती वाळली वा शिजली की त्याची तीव्रता पुष्कळ कमी होते. फ्रान्समध्ये व्हिटाल्बाचे एक जुने नाव ‘भिकाऱ्यांची वनस्पती’ असे आहे. जुन्या काळी काही भिकारी तिचा पाला अंगावर घासून मुद्दाम व्रण उठवीत आणि ते दाखवून लोकांची करुणा मिळवीत, असे सांगतात. दयाही कधी कधी पारखून करावी लागते, हे त्या नावातून दिसते.

असे असूनही इटलीच्या काही भागांत, विशेषतः टस्कनीत, वसंतात व्हिटाल्बाचे अगदी कोवळे शेंडे खुडून, शिजवून खाण्याची परंपरा आहे. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर उभी आहे : कोणता शेंडा, किती कोवळा, किती वेळ शिजवायचा, हे घरातील वडीलधारी माणसे शिकवतात. आता अडचण पाहा. शेंडे खुडायचे ते वसंतात, आणि फुले येतात ती उन्हाळ्यात. म्हणजे ज्या दिवशी ओळख चुकली तर शरीराला अपाय होईल, नेमक्या त्या दिवशी वेलीवर एकही फूल नसते. शेजारीच चढलेली फ्लॅम्युला, जिचे नावच ‘ज्वाला’, तिचे शेंडेही तेवढेच लुसलुशीत दिसतात. फुलावरून ओळखणाऱ्याची विद्या अशा वेळी निरुपयोगी ठरते. पानाची विभागणी आणि खोडाच्या कडा वाचणाराच सुरक्षित राहतो. परक्या प्रवाशाने मात्र या खाद्यपरंपरेच्या वाटेला जाऊच नये.

जंगलाच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. व्हिटाल्बा आपल्या मूळ प्रदेशातही जोमाने वाढते आणि झाडांवर दाट छत घालून त्यांचा प्रकाश अडवते. शोभेसाठी न्यूझीलंडमध्ये नेल्यावर तर ती तेथील मूळ जंगलांवर संकट होऊन बसली. झाडे तिच्या भाराखाली गुदमरू लागली आणि तिच्या निर्मूलनासाठी तेथे मोठी मोहीम घ्यावी लागली. म्हणून झाडांवरून ती काही प्रमाणात काढणे कधी कधी रास्त असते. पण तेच कोयते फ्लॅम्युलावर चालले तर वाळूच्या टेकडीवरील एक निरुपद्रवी, सुगंधी वेल व्यर्थ जाते. आणि उन्हाळ्यात निपचित पडलेली सिऱ्होसा ‘वाळली’ म्हणून कोणी तोडली, तर मधमाश्यांची हिवाळ्यातली सोय नाहीशी होते. येथेही तोडणी बहुधा फुले नसताना होते. चुकीचे नाव कागदावर राहत नाही. ते कोयत्याच्या पात्यावर येते.

पाहणीचा क्रम

भूमध्य समुद्राच्या काठी प्रवासाला वा व्यापारानिमित्त जाणाऱ्यांनी या वेली अवश्य पाहाव्यात. त्यासाठी काहीही तोडण्याची गरज नाही. किंबहुना रस झोंबतो म्हणून न तोडणेच शहाणपणाचे. फांदी हलकेच वळवावी, भिंगातून पाहावे, आणि हात लागलाच तर डोळ्यांना न लावता धुवून टाकावा. लहान मुले सोबत असतील तर त्यांना पाने चुरगळू देऊ नयेत.

मग क्रमाने प्रश्न विचारावेत. पाने समोरासमोर आहेत का, देठ आधाराभोवती वळले आहेत का? असतील तर वेल क्लेमॅटिसची. पाने तुकतुकीत, झुबक्यांनी आलेली, हिवाळ्यातही हिरवी आणि फुलाच्या दांड्यावर हिरवी वाटी आहे का? मग ती सिऱ्होसा. फूल जांभळे, किंवा फळाची शेपटी पिसाविना आखूड आहे का? मग व्हिटिसेला. पान दोनदा विभागलेले आणि पर्णिका बिनदातेरी व लहान आहेत का? मग फ्लॅम्युला. पान एकदाच विभागलेले, पाच रुंद पर्णिका, कडा असलेले दणकट खोड? मग व्हिटाल्बा.

ऋतूही साक्ष देतो. डिसेंबर-जानेवारीत निष्पर्ण वेलीवर रुपेरी पिसे दिसली तर ती व्हिटाल्बा असण्याचा संभव मोठा. त्याच दिवसांत हिरव्या वेलीवर पिवळसर घंटा दिसल्या तर सिऱ्होसा. वसंतात, म्हणजे इतर जाती अजून फुलायच्या असताना, हिरव्या वेलीवर ताजी पिसे दिसली तरी ती सिऱ्होसाच समजावी. आल्प्समध्ये उंचावर निळी ‘अल्पिना’ भेटते आणि काही रानांत ‘रेक्टा’ नावाची जात न चढता ताठ उभी राहते. पण त्यांचा प्रांत वेगळा, म्हणून त्यांचा विस्तार येथे केलेला नाही.

आपल्याकडे सह्याद्रीत पाहावी ती मोरवेलही याच रीतीने वाचता येईल. समोरासमोरची पाने, देठांची मिठी, पिसांची फळे ही घराण्याची मुद्रा तिच्याही अंगावर आहे. समुद्रापलीकडच्या बहिणींची ओळख झाली की घरची वेल अधिक नीट दिसू लागते, हा या अभ्यासाचा आणखी एक लाभ.

फूल हे वेलीचे उत्सवाचे वस्त्र आहे. उत्सवात सारेच ओळखतात. वस्त्र उतरल्यावर, साध्या पानांत, उघड्या खोडात, उन्हाने सुकलेल्या काटक्यांत जो वेलीला नावाने ओळखतो, तोच तिला जपू शकतो आणि तिच्यापासून स्वतःलाही जपू शकतो.